भुयारातलं घुंगरू

लातुरात कुणी नवा टीव्ही घेतला की आधी टीव्हीला हळद-कुंकू लागायचं आणि मग रामलिंगअप्पांना बोलावणं जायचं. अप्पा यायचे, सोफ्याच्या मधोमध बसायचे, रिमोट हातात घ्यायचे आणि घरमालकाने हौसेने लावलेली सगळी सेटिंगं एकेक करून मोडून टाकायचे. "ह्या बाईचं तोंड असं केशरी का? कावीळ झालीय का तिला?" असं विचारायचे. मग स्पीकरच्या जागा बदलायच्या, आवाज वरखाली करायचा, आणि शेवटी डोळे मिटून मान हलवायची. अप्पांनी मान हलवली की टीव्ही पास.

हा मान काही फुकट मिळाला नव्हता. गोलाईजवळच्या टॉकीजमध्ये अप्पांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून सिनेमाची मशीन चालवली. टॉकीज बंद पडलं आणि तिथं साड्यांचं दुकान आलं, तरी अप्पांचं वेड गेलं नाही. त्यांनी घरातली पुढची खोली अडवली, तिच्यात ब्लू-रे प्लेअर आणि पाच स्पीकर बसवले आणि चारशेच्या वर डिस्क जमवल्या. फोनवर 'पडदा आणि आवाज' नावाचा ग्रुप होता, त्यात लातूर-नांदेडपासून पुण्या-मुंबईपर्यंतचे अडीचशे शौकीन होते. नवी डिस्क आली की अप्पा तिच्या चित्राला आणि आवाजाला दहापैकी मार्क द्यायचे. दिले की दिले. उदगीरचे गुरुपादप्पा तर अप्पांचा निकाल वाचल्याशिवाय डिस्कचं प्लास्टिकसुद्धा फाडत नसत.

अलीकडे अप्पांचा निकाल कडक लागायचा. आजकालचे लोक जुन्या सिनेमाचा आवाज धुऊन पार पांढरा करतात, त्यात बारीक आवाज उरतच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी घरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज वाढवायचा खटका, शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. त्यांची बायको नीलम्मा म्हणायची, "अवो, माझे दात शिवशिवतात ह्या आवाजानं." त्यावर अप्पांनी तिला त्या खोलीत यायचीच बंदी केली. डिस्क तपासताना दार लावलेलं असायचं.

तर अशा ह्या माणसाच्या पोटात एका मंगळवारी सकाळी दुखायला लागलं, आणि दुखणं कुरिअरने घरपोच आलं होतं.

डिस्क होती 'बुरुजावरचा स्वार'ची. छत्तीस वर्षांपूर्वीचा ऐतिहासिक सिनेमा. किल्ल्याला वेढा, घोड्यांचा पाठलाग, तोफा, भुयार, सगळा मसाला. लातुरात तो एकोणीस आठवडे चालला होता आणि त्याचं एकेक रीळ अप्पांना पाठ होतं. अप्पांनी कव्हर उलटं केलं, भिंग लावलं आणि बारीक अक्षरं वाचायला घेतली. तिसऱ्या ओळीला भिंग थांबलं. 'ध्वनी दुरुस्ती : नासिर शेख, नांदेड.'

"नासिऱ्या?" अप्पा मोठ्याने म्हणाले.

नासिर कोण, तर अप्पांचा असिस्टंट. त्याच टॉकीजमध्ये, त्याच केबिनमध्ये, आठ वर्षं. खरं सांगायचं तर केबिनमध्ये नव्हेच. अप्पांनी त्याला मशीनला कधी हात लावू दिला नाही. पोरगा हुशार होता, एकदा बघितलं की उचलायचा, आणि तेच अप्पांना खुपायचं. आज रीळ लावायला शिकेल, उद्या आपली जागा मागेल. म्हणून त्यांनी त्याला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत टॉर्च देऊन बसवलं. आवाज कमी पडला तर टॉर्च एकदा उघडझाप करायची, जास्त झाला तर दोनदा. अप्पा आत खडखडणाऱ्या मशीनला कान लावून उभे राहायचे, कारण आवाज जरा बदलला की रीळ अडकणार हे त्यांना कळायचं. नासिर बाहेर अंधारात बसून ऐकायचा. आठ वर्षांनी कंटाळून तो नांदेडला गेला आणि देगलूर नाक्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे त्याची मुलगी अफसाना कॉम्प्युटर शिकली. बापलेक मिळून लोकांच्या जुन्या कव्वालीच्या कॅसेटी साफ करून द्यायला लागले. हे सगळं अप्पांना ऐकून माहीत होतं. ते मुंबईपर्यंत पोचल्याचं मात्र कुणी कळवलं नव्हतं.

डिस्क काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीला मराठवाड्यातला माणूस हवा होता, तर लातूर काय समुद्रात होतं? उस्ताद जिवंत असताना शागिर्दाला काम? अप्पांनी दार लावलं, खिडकीवर वाकळ टाकली आणि डिस्क आत सरकवली. सिनेमा वाईट निघावा, अशी त्यांनी मनोमन सिद्धेश्वराला प्रार्थना केली.

सिद्धेश्वराने ऐकलं नाही. चित्र असं निघालं होतं की अप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ओरखडे गेले होते, धूळ गेली होती, पण फिल्मचा मूळचा रवाळ दाणा जागच्या जागी होता. नाहीतर हल्ली माणसांच्या तोंडाचं मेण करून ठेवतात. मशालीच्या उजेडात काळ्या दगडाच्या भिंतीतली फट न् फट दिसत होती. किल्लेदाराच्या अंगरख्यावरची जर टॉकीजच्या पडद्यावरसुद्धा कधी इतकी उठून दिसली नव्हती. आवाजही तसाच. घोडे डावीकडून आले ते उजवीकडे गेले, मधल्या मध्ये कुठं बुडाले नाहीत. तोफ सुटली तेव्हा टीपॉयवरचा पेला हलला. संवादातला खरखराट साफ निघाला होता, पण बोलणाऱ्याचा श्वास शाबूत होता. अप्पांच्या मनात नाइलाजाने साडेआठ मार्क तयार व्हायला लागले, आणि एकेक अर्धा मार्क त्यांच्या काळजाला डाचत होता.

तेवढ्यात भुयार आलं.

ह्या भुयारावरच अख्खा सिनेमा उभा होता. किल्लेदाराची लेक गुप्त निरोप घेऊन भुयारातून निघते. पैंजण वाजू नयेत म्हणून तिने त्यांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. शत्रूचा पहारेकरी पाठमोरा उभा. आणि चिंधीतून एकच घुंगरू सुटतं. किण्. एवढंच. पहारेकरी गर्रकन वळतो. टॉकीजमध्ये ह्या जागी सातशे माणसांचा श्वास अडकायचा. अप्पा मशीन सोडून काचेच्या झरोक्यातून तेवढ्यासाठी बघायचे.

पोरगी चालत आली. पाऊल पडलं. पहारेकरी गर्रकन वळला.

घुंगरू वाजलंच नाही.

अप्पांनी मागे घेतलं. पुन्हा लावलं. आवाज वाढवला. अकरा वेळा बघितलं. पहारेकरी अकरा वेळा वळला आणि अकराही वेळा कारण नसताना वळला. अप्पांना जो आनंद झाला तो नातू झाला तेव्हासुद्धा झाला नव्हता. घुंगरूच धुऊन टाकलं पठ्ठ्यानं! सबंध सिनेमाची किल्लीच हरवून बसला!

त्यांनी तिथंच बसून निकाल लिहिला. 'नासिर शेख यांनी मळ धुता धुता घुंगरूही धुऊन टाकले आहे. पहारेकरी वळतो, पण कशाला वळतो? त्याला स्वप्न पडले काय? ज्याला हे एक घुंगरू सांभाळता आले नाही, त्याच्या हाती जुने सिनेमे देऊ नयेत. चित्र साडेआठ. आवाज तीन.'

पाच मिनिटांत गुरुपादप्पांचं उत्तर आलं, 'अप्पांचं शंभर टक्के खरं. मी पण आत्ताच बघितलं. घुंगरू न्हाई.' दुपारपर्यंत आणखी चौदा जणांना घुंगरू ऐकू आलं नाही. अप्पांना जे ऐकू येत नाही ते आपल्याला ऐकू आलं असं म्हणायची कुणाची छाती होती? पुण्याच्या एका माणसाने भीत भीत लिहिलं की आमच्याकडे तर वाजतं. त्याला सगळ्यांनी स्पीकर बदलायचा सल्ला दिला. संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी, तेही ग्रुपमध्ये होतेच, लिहिलं की ह्याच माळेतल्या पुढच्या सिनेमाचा आवाज नासिरभाईंकडे द्यायचा विचार होता, तो आता थांबवतो.

मग नासिरचा फोन आला. "सलाम उस्ताद. घुंगरू हाय की ओ. तीन दिवस मी त्या एका घुंगरावर बसून होतो. तुम्ही या नांदेडला. माझ्या खोलीत ऐका. तरी न्हाई म्हणालात तर मी ह्या कामाला पुन्हा हात लावणार न्हाई."

"येतो की," अप्पा म्हणाले. "तुझ्या तोंडावर दाखवतो."

नीलम्माही निघाली. नासिरची बायको अमीरबी आणि ती, दोघी एकेकाळी एका गल्लीत राहिलेल्या, आणि बारा वर्षांत भेट नव्हती.

नांदेडला पोचल्यावर अप्पांचं दुखणं वाढलं. नासिरची खोली बघूनच वाढलं. चारी भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, आणि दार असं की लावताना आवाजच होत नव्हता. अप्पांना त्या दाराचासुद्धा हेवा वाटला. अमीरबीने खिचडी आणि तिळाचं खट्टं केलं होतं. "भाभी, भांडं निराळं हाय, मटणाचं न्हाई, बिनघोर खावा," म्हणून तिने नीलम्माला आग्रह केला. नासिर उस्तादांच्या हातावर पाणी घालायला उभा राहिला. छप्पन वर्षांचा माणूस, दाढी पिकलेली, तरी तसाच अदबीने उभा. अप्पांना वाटलं, हे सगळं नाटक. साडेआठ मार्कांचं काम करणारा माणूस कशाला पाणी घालेल?

जेवणं झाल्यावर सगळे खोलीत बसले. अफसानाने कॉम्प्युटरवर भुयाराचा प्रसंग लावला. पोरगी चालत आली, पाऊल पडलं, पहारेकरी वळला.

"थांबव!" अप्पांनी बोट वर केलं. "झालं? कुठाय घुंगरू? सांग आता!"

अप्पांनी विजयी मुद्रेने एकेकाकडे बघितलं. नीलम्मा त्यांच्याकडे बघत होती.

"अवो," ती हळूच म्हणाली, "वाजलं की."

"काय वाजलं?"

"घुंगरू. त्या पोरीचं सुटलं न्हाई का चिंधीतून. त्याच्यावरच तर त्यो वळला."

अप्पा तिच्यावर खेकसले. "तुला काय कळतं सिनेमातलं?" पण दारात उभी असलेली अमीरबीही म्हणाली, "हाव, हितपर्यंत आलं की."

अफसानाने पुन्हा लावलं. मग पोरीला वाटलं, म्हाताऱ्यांना नीट दाखवावं. तिने बाकीचा आवाज बंद केला आणि नुसतं घुंगरू काढून पुन्हा पुन्हा वाजवलं. मोठं केलं. आणखी मोठं केलं. नीलम्माने दोन्ही कानांत बोटं घातली. अमीरबीने पदर कानावर ओढला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ दर सेकंदाला टणकन उडी मारत होती. अप्पांना ती रेघ स्वच्छ दिसत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. खोलीत त्यांच्यापुरती सामसूम होती.

नासिरने आधी अप्पांकडे बघितलं, मग त्यांच्या कानांकडे.

"अफसाना, बंद कर," तो म्हणाला. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उस्तादांचं बरोबर हाय. थोडं जास्तच धुतलं मी. घुंगरू लई बारीक झालंय."

नीलम्माने कानातली बोटं काढली आणि ती गालिच्याकडे बघत बसली.

बस स्टँडवर सोडायला नासिर एकटाच आला. नीलम्मा पुढे जाऊन बाकावर बसली तेव्हा तो म्हणाला, "कधीपासून, उस्ताद?"

"काय कधीपासून?"

"मशीन लई आवाज करायचं," नासिर म्हणाला. "तुम्ही कान लावून उभं राहायचात. मी बी आत असतो तर माझे बी गेले असते. तुम्ही मला बाहेर बसवलं म्हणून वाचलो बघा. तुमची मेहेरबानी."

तो हे खरोखर मेहेरबानी म्हणूनच बोलत होता, टोमणा नव्हता. त्यामुळे अप्पांना जास्तच लागलं. मेहेरबानी कसली, पोटातली आग होती ती. पोरगं पुढं जाऊ नये म्हणून त्याला बाहेर काढलं, आणि आठ वर्षं फुकटात त्याचा कान तयार करून दिला. आपण आत मशीन राखत बसलो आणि मशीनने आपला कान खाल्ला.

"काळजी करू नका," नासिर म्हणाला. "मी कंपनीला कळवतो, चूक माझी. काम दुसऱ्याला देतील, देऊ द्या. माझं दुकान हाय. लातुरात तुमचं नाव हाय, त्याला धक्का नको."

अप्पा गाडीत चढले. आणि आता खोटं कशाला सांगा, लोहा येईपर्यंत त्यांना बरंच बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नीलम्मा बोलणाऱ्यातली नव्हती, नासिरने स्वतःच मान्य केलं होतं. कान गेला तरी कानाचं नाव शाबूत होतं.

अहमदपूरला गाडी थांबली आणि अप्पांनी फोन काढला. साहेबांनी आता नासिरलाही ग्रुपमध्ये घेतलं होतं, आणि तो बोलला होता. 'रामलिंगअप्पा माझे उस्ताद. त्यांनी चूक काढली, बरोबर काढली. घुंगरू माझ्या हातून गेलं. पुढचं काम कंपनीने खुशाल दुसऱ्याला द्यावं.' आणि त्याखाली नुसता पाऊस पडत होता. जोडलेले हात, लाल बदाम, फुलं. 'काय मोठं मन!' 'असा शिष्य मिळायला भाग्य लागतं.' गुरुपादप्पांनी तर 'नासिरभाई, तुमच्यासारखा माणूस बघितला न्हाई' असं लिहून वर तीन वेळा सलाम ठोकला होता. अप्पांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कान त्याचा चांगला, काम त्याचं चांगलं, खोलीचं दार त्याचं चांगलं, आणि आता मनही त्याचंच मोठं? एकतीस वर्षं मशीन चालवली ती कुणी? आणि ह्याचा मोठेपणा कशावर उभा, तर आपल्या बहिरेपणावर! हे मात्र अप्पांना सहन होणारं नव्हतं. काम घे, नाव घे, पण मोठेपणा घेऊ नकोस.

"कुठं निघालात?" नीलम्माने विचारलं.

"आलोच."

अप्पा चहाच्या टपरीमागे गेले, फोन तोंडाजवळ धरला आणि बटण दाबलं. "मी रामलिंग बोलायलोय. अहमदपूर स्टँडवरून. नासिर खोटं बोलायलाय. घुंगरू हाय. सगळ्यांना ऐकू येतंय, मला येत न्हाई. माझे कान गेलेत. मशीनजवळ उभं राहून गेले. दोन-तीन वरसं मी जे मार्क दिले, आवाजाचे, ते सगळे खोटे धरा. गुरुपादप्पा, तुम्ही बी खोटं बोललात, तुमच्या घरी ते वाजतंच. कंपनीच्या साहेबांनी पुढचं काम नासिरलाच द्यावं. त्याच्यासारखा कान मराठवाड्यात दुसरा न्हाई. हे मी सांगतो. म्हणजे, आता मी सांगून काय उपयोग, पण सांगतो."

पाठवून झाल्यावर अप्पांनी चहा घेतला. आतून गारवा होता. आता काढ म्हणावं ह्याच्यापेक्षा मोठं मन! गाडीत बसल्यावर ते दर दोन मिनिटांनी फोन बघत राहिले. चाकूरपर्यंत त्यांचे बदाम नासिरच्या पुढे गेले होते. अप्पांनी ते नीलम्माला दाखवलेसुद्धा.

बदाम मात्र तेवढ्या दिवसाचेच होते. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या चन्नबसप्पांनी मोठा टीव्ही घेतला आणि सेटिंग लावायला दुसऱ्या कुणाला बोलावलं. अप्पांना चहाला बोलावलं होतं. चहाबरोबर चिवडा होता, आणि सगळे त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. टीव्हीवरची बाई केशरी दिसत होती. अप्पा चिवडा खाऊन परत आले. नासिरला काम मिळालं होतं, तो फोनवर रडला होता, आणि त्याचं रडणंही अप्पांना अर्धंमुर्धंच ऐकू आलं होतं.

घरी येऊन त्यांनी पुढच्या खोलीचं दार उघडलं. ट्रेबल खाली आणून मधोमध ठेवला. खिडकीवरची वाकळ काढली.

"नीलम्मा!" त्यांनी हाक मारली. "इकडं ये."

ती उंबऱ्याशीच थांबली. "आत येऊ?"

"ये की. हितं बस, मधोमध. सिनेमा लावतो. घुंगरू वाजलं की मला सांग."

नीलम्मा ओले हात पुसत त्यांच्या जागेवर बसली. अप्पा बाजूला पाटावर बसले. घोडे गेले, तोफ सुटली, मशाली पेटल्या. पोरगी भुयारात शिरली. अप्पा पडद्याकडे बघतच नव्हते, ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते. आणि तिच्या डोळ्यांत एकदम भीती आली, हात छातीशी गेला, आणि मग ती हसली, अगदी लहान पोरीसारखी.

"वाजलं?" अप्पांनी विचारलं. "कसं वाजलं? सांग ना, आधी होतं तसंच का?"

"शू!" नीलम्माने त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. "ऐकू द्या हो."

नासिरवर अप्पांनी आयुष्यभर जळून घेतलं होतं, पण ह्या बाईवर जळायची वेळ येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.